डावी बाही

गावाचं नाव लिहितात एक, म्हणतात दुसरंच.
हॉइक.
पहिल्या आठवड्यात मी बसवाल्याला ‘हाविक’ म्हटलं,
तो हसला नाही, सावकाश दुरुस्त करून दिलं,
जसं कुणी गळलेलं घर
उचलून देतं सुईवर.

टाक्याला घर म्हणायचं, हे मावशीचं.
‘सातवं घर गळलं बघ.’
‘आता दोन घरांचं एक कर, गळ्याकडे आलीस.’
तिला मूल नव्हतं. स्वेटर दाखवून म्हणायची,
माझी वीण एवढीच.

इथे गिरणीत मी लिंकिंगवर.
मशीन पाठ विणतं, पुढा विणतं, बाह्या विणतं
चहाला न थांबता.
पण गळा लावायला माणूस लागतं.
गोल तबकडीच्या दातांवर एकेक घर बसवायचं
डोळे बारीक करून,
एक दात चुकला तर उसवत जाणार
कुणाच्या तरी मानेवर, टोकियोत किंवा कुठे,
मला कळणारही नाही.
सोळा वर्षं झाली.
हे हाताचं काम की मशीनचं?
पगाराच्या पावतीवर ‘ऑपरेटर’ लिहितात.

शेजारची एल्स्पेथ टर्नबुल, शहाऐंशीची,
मशीनला लोखंडी बाई म्हणायची.
मत्सरानं नाही. तिचीही तीस वर्षं तिथेच गेली.
घरी येऊन पुन्हा सुया घ्यायची.
‘तिथे भाड्यासाठी. इथे हात धुवायला.’

नातवाच्या स्वेटरचे टाके तिनं दिवाळीत घातले
(माझ्या दिवाळीत; तिचा तो नुसता नोव्हेंबर).
पाठ झाली, पुढा झाला, उजवी बाही.
डावीत मनगटापासून कोपरापर्यंत आली
आणि हातानं ऐकायचं सोडलं.
पिशवी माझ्या दारात. चिठ्ठी नाही.
सुया तशाच गुंड्यात खुपसलेल्या.

खरं सांगते, आधी मी लबाडी केली.
शनिवारी गिरणीतलं जुनं, दांड्याचं यंत्र काढलं,
तोच धागा, तेच माप,
सर्र सर्र, चार मिनिटं.
मग टेबलावर दोन्ही बाह्या शेजारी ठेवल्या.
माझं विणलेलं पहिल्या बाकावरच्या मुलासारखं,
मान ताठ, भांग पाडलेला.
तिचं जरा कलतं.
त्यात मंगळवार होते,
दवाखान्यातली वाट बघणं होतं,
सात ओळी इतक्या आवळ की सुई शिरू नये
आणि मग एकदम सैल,
बहुधा टीव्हीवर काहीतरी विनोदी.
एका जागी उलटाऐवजी सुलट.
मशीनही चुकतं. पण ते चुकलं
की ऐंशी नग एकाच जागी चुकतात
आणि ती कुणाचीच चूक नसते.

उसवलं.
कुरळा धागा धुतला,
न्हाणीघरात टांगला, खाली शाम्पूची बाटली बांधून.

मग हातानं. सुलट, उलट, सुलट.
बोटांना सवय घरं नुसती अडकवायची;
नवं घर काढताना ती
परक्याच्या स्वयंपाकघरात डबे उघडावेत तशी वागली.
माझा हात सैल, तिचा आवळ.
ती थांबली आणि मी लागले तिथे
एक रेघ आली.
वाफ दिली. वर डिक्शनरी ठेवली रात्रभर.
गेली नाही.

एल्स्पेथनं मनगटाकडून अंगठा फिरवत नेला.
रेघेशी थांबली.
‘इथे तू चहा टाकलास वाटतं.’
एवढंच. मग बिस्किटं काढली, मऊ पडलेली.

फेब्रुवारीत रग्बी. टीव्हियट फुगलेली, तपकिरी.
तिचा कॅलम मैदानाच्या कडेला उभा
गुडघ्यापर्यंत चिखलात.
त्यानं बाह्या वर सारल्या,
रेघ घड्यांत गेली.
मग थंडी वाजली तशा ओढल्या खाली
आणि डाव्या बाहीला नाक पुसलं.

तिच्या भागाला की माझ्या,
लांबून दिसलं नाही.